टिक् कुणाचा?

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आईच्या जात्यावरच्या ओव्या मी गेली दोन वर्षं रेकॉर्ड करतो आहे. दिवसा ते काम होत नाही. थ्री फेज लाइट आली की आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटरी चालू होतात, मंचरच्या बाजाराला माल नेणारे पिकअप दारावरून जातात आणि आईला तरी दिवसा उसंत कुठे असते! म्हणून रात्री जेवणं उरकली की पडवीत जात्यापाशी बसायचं. माइक तिच्यापासून हातभर लांब, लॅपटॉप आतल्या खोलीत, मधे एक लांब केबल.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री हेडफोन लावून ऐकताना तिच्या आवाजाखाली एक बारीक ‘टिक्’ ऐकू आला. मग दुसरा, तिसरा. सेकंदाला साधारण एक. ओवीची चाल संथ झाली, जात्याचा वेग कमी झाला, तरी त्या टिक्‌ची गती तीच. केबल बदलली, माइक बदलला, लॅपटॉपची सेटिंग्ज उलटसुलट केली. टिक् जागचा हलला नाही. शेवटी आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरवर सगळी फाइल चालवली. टिक् गेले, पण त्यांच्याबरोबर ओव्यांमधलं आणखी काहीतरी गेलं. त्याबद्दल पुढे सांगतो.

घरी आवाज रेकॉर्ड करणाऱ्या सगळ्यांनाच हा त्रास कधी ना कधी होतो. कुणी मुलांसाठी धडे वाचून ठेवतो, कुणी हरिपाठ, कुणी हार्मोनियमवर बसवलेली चाल. मला एवढंच कळकळीने सांगायचं आहे की टिक् पुसायच्या आधी त्याचं वेळापत्रक लिहून काढा. तो किती वेळाने येतो, दिवसाच्या कोणत्या वेळी येतो, कशाबरोबर येतो आणि कशाबरोबर थांबतो. एवढं वहीत नोंदवलं की निम्म्याहून अधिक वेळा त्याचा पत्ता आपोआप लागतो.

आधी टिक् म्हणजे नेमकं काय ते पाहू. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची लाट. ही लाट सलग वर जाते, सलग खाली येते. लॅपटॉप त्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो आणि त्या आकड्यांची माळ साठवतो. या माळेत एका क्षणी लाटेने अचानक उडी मारली, म्हणजे एका आकड्याच्या शेजारी भलताच आकडा आला, की कानाला तो टिक् म्हणून ऐकू येतो. अशा उडीचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बासरीचा एक सूर एकाच पट्टीत राहतो, पण अचानक उडीत खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या एकदम वाजतात. जुन्या रेडिओवर मिडियम वेव्हचं कुठलंही स्टेशन लावा, वळवाच्या दिवसांत वीज कडाडली की सगळीकडे सारखीच खरखर येते, ती यामुळेच. म्हणून टिक् कितीही बारीक असला तरी लपत नाही. गाण्याचा सूर कोणताही असो, टिक्‌चा काही भाग त्या सुराच्या बाहेर पडतोच.

आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात ती उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मधल्या आवारात जवळजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. शाळेत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमची सहल तिथे जायची. मोबाइल बंद ठेवा, असं तिथे का सांगतात हे तेव्हा कळलं नव्हतं. आता आईच्या ओव्यांनी ते नीट समजावलं.

ही दुर्बीण आकाश बघत नाही, ऐकते. तिच्याकडे पोहोचणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की आसपासची कुठलीही ठिणगी त्यांच्यापुढे नगाऱ्यासारखी वाजते. खोडदची जागा निवडताना इथली रेडिओ शांतता हे एक मोठं कारण होतं, भोवतीच्या डोंगरांचाही आडोसा मिळतो. पण शेतीचा मुलूख म्हणजे विजेचे खांब आलेच. खांबावरचा चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला किंवा तार बांधणीत सैल झाली की तिथे बारीक ठिणग्या उडतात. डोळ्यांना त्या दिसतीलच असं नाही, पण रेडिओ लहरींच्या जगात त्या टिक्-टिक्-टिक् करत राहतात, आणि त्या सगळ्या पट्ट्यांवर एकदम पसरतात.

अशा ठिणग्या ओळखायच्या कशा? पुन्हा वेळापत्रकावरूनच. आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. व्होल्टेज एकदा वरच्या टोकाला आणि एकदा खालच्या टोकाला जातं, आणि ठिणगी या दोन्ही टोकांपाशी उडते. म्हणजे सेकंदाला १०० वेळा, दर १० मिलिसेकंदांनी. गोंगाटात १० मिलिसेकंदांची लय सापडली की गुन्हेगार विजेची लाइन, हे जवळजवळ नक्की. मग अँटेना घेऊन तो खांब शोधायचा आणि दुरुस्ती करवून घ्यायची.

वेळापत्रकाची सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र केंब्रिजची आहे. १९६७ मध्ये जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर थोडासा ‘केर’ दिसला. नीट पाहिल्यावर कळलं, की दर १.३३ सेकंदांनी एक ठोका पडतो आहे. इतकी नेमकी लय म्हणजे माणसाने बनवलेलं काहीतरी यंत्र असणार, अशी तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना शंका होती. पण तो ठोका रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटं आधी यायचा. आकाशातले तारे रोज तेवढेच आधी उगवतात. माणसाची यंत्रं माणसाच्या घड्याळावर चालतात, हा ठोका ताऱ्यांच्या घड्याळावर चालत होता. तो पहिला पल्सार निघाला. पल्सारचा अभ्यास आज खोडदच्या दुर्बिणीच्या मोठ्या कामांपैकी एक आहे. आळसाने तो ठोका पुसला असता, तर? हा प्रश्न मला झोप येऊ देत नाही.

मीही वही केली. माइकसमोर कुणी नसताना दर तासाला दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करायची. दुपारी दोनला टिक् नाही. चारला नाही. सहाला नाही. साडेसातला आहे. पहाटे पाचला आहे. सकाळी आठला नाही. म्हणजे दिवस मावळल्यावर सुरू होऊन उजाडल्यावर बंद होणारं काहीतरी. लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर रेकॉर्ड केलं, टिक् कमी झाला पण गेला नाही. मग माइकच काढून नुसती केबल जोडून ठेवली, आणि टिक् तसाच! म्हणजे तो हवेतून आलेला आवाज नव्हताच. केबल त्याला थेट विजेच्या रूपात पकडत होती.

चुलते ओसरीवर बसले होते, त्यांना विचारलं. म्हणाले, “अरे, सांजच्याला मशीन चालू करतो न्हवं का मी!”

झटका मशीन. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आता सगळ्यांना ठाऊक आहे. वस्तीभोवती आणि गोठ्याभोवती सौर कुंपण बऱ्याच जणांनी केलं आहे. त्याचं मशीन तारेत सेकंदाला साधारण एक झटका सोडतं. काही हजार व्होल्टचा, पण बहुधा एका मिलिसेकंदाहूनही कमी टिकणारा, म्हणून जनावर दचकून मागे फिरतं आणि मरत नाही. शेकडो फूट लांबीची ती तार म्हणजे आयती अँटेना. त्यातून तारेला जिथे ओलं गवत टेकतं किंवा खांबावरचा प्लॅस्टिकचा इन्सुलेटर फुटलेला असतो, तिथे प्रत्येक झटक्याला ठिणगी उडते. कान देऊन ऐकलं तर ती रात्री नुसत्या कानांनीही ऐकू येते. आमच्याकडे आणखी एक घोटाळा होता. मशीनचा अर्थिंगचा खिळा घराच्या अर्थिंगला लागूनच ठोकलेला होता, त्यामुळे झटक्याचा अंश घराच्या वायरिंगमध्ये शिरत होता.

उपाय साधे निघाले. तारेखालचं गवत काढलं. दोन फुटके इन्सुलेटर बदलले. कुंपणाचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून दहा मीटरहून लांब नेलं. ते तसंच असावं लागतं. माइकची केबल कुंपणाच्या बाजूच्या भिंतीलगत जात होती, ती दुसऱ्या बाजूने फिरवली आणि बॅलन्स्ड केबल वापरली. या केबलमध्ये एकच आवाज दोन तारांतून जातो, एकीत सुलटा, दुसरीत उलटा. बाहेरून आलेला टिक् मात्र दोन्ही तारांत सारखाच शिरतो. पलीकडे यंत्र एका तारेतून दुसरी वजा करतं. त्यात टिक् एकमेकांना खाऊन टाकतात आणि उलट-सुलट असलेला आवाज दुप्पट होऊन हाती येतो.

इथे दोन गोष्टी ठणकावून सांगितल्या पाहिजेत. आवाजातली घरघर जावी म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ती पिन माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते, तिला कधीही हात लावू नका. आणि कुंपणाच्या तारेत झटका मशीनऐवजी घरातली २३० व्होल्टची लाइन थेट सोडणं हा गुन्हा आहे. त्याने जनावरं मरतात आणि माणसंही मरतात.

सेकंदाला एक टिक् आला म्हणजे कुंपणच, असंही नाही. तीच लय आणखी एका कारणाने येऊ शकते. दोन डिजिटल यंत्रं एकमेकांना जोडली आणि प्रत्येक आपापल्या घड्याळावर चालू लागलं, की त्यांचं पटत नाही. दोघांच्या घड्याळांत दहा लाखांत वीस एवढाच फरक असला, तरी सेकंदाला ४८,००० मोजण्यांमध्ये जवळजवळ एक मोजणी कमी किंवा जास्त होते. ती माळेतून गळली की टिक्. त्याचा उपाय म्हणजे एका यंत्राला दुसऱ्याचं घड्याळ मानायला लावणं, सेटिंगमध्ये ‘क्लॉक सोर्स’ असं लिहिलेलं असतं. आणि दोन्हीकडे ४८,००० किंवा दोन्हीकडे ४४,१०० आहे ना, तेही पाहावं. हा टिक् दुपारी दोनलाही येतो, त्याला दिवसरात्र कळत नाही. कुंपणाच्या टिक्‌पासून तो वेगळा ओळखता येतो तो एवढ्यावरूनच.

लय नसलेले, मधूनच दोन-चार एकदम येणारे टिक् बहुतेक वेळा लॅपटॉपच्या आत तयार होतात. माइककडून येणारे आकडे कालव्याच्या पाण्यासारखे एका वेगाने सतत येत असतात. लॅपटॉप मात्र ते थेंबाथेंबाने उचलत नाही. एका टाकीत साठू देतो आणि टाकी भरत आली की एकदम उपसतो. या टाकीला बफर म्हणतात. टाकी २५६ आकड्यांची असेल, तर ४४,१०० च्या वेगाने ती सहा मिलिसेकंदांच्या आत भरते. तेवढ्यात लॅपटॉप वायफायवर काहीतरी उतरवून घेण्यात किंवा व्हायरस तपासण्यात गुंतला, तर टाकी सांडते. सांडलेले आकडे कायमचे गेले. त्यांच्या अलीकडची लाट आणि पलीकडची लाट एकमेकांना चिकटतात आणि सांध्यावर उडी तयार होते. टाकी १,०२४ ची केली की २३ मिलिसेकंद मिळतात. मग हा त्रास बहुधा थांबतो. मोठ्या टाकीचा तोटा असा, की गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. पण जात्यावर बसलेल्या आईला हेडफोन लागतच नाही, तेव्हा मोठी टाकी ठेवावी. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करावं, बॅटरी वाचवण्याची सोय बंद करावी, आणि यूएसबी केबल मधे हब न घालता थेट लावावी.

कधी टिक् फाइलमध्ये नसतोच, तो फक्त ऐकताना येतो. तोच भाग पुन्हा वाजवा. त्याच जागी टिक् आला तर तो रेकॉर्ड झालेला आहे. जागा बदलली तर दोष वाजवणाऱ्या बाजूला आहे, रेकॉर्डिंग शाबूत आहे.

काटछाटीतही टिक् तयार होतात. ओवीच्या दोन कडव्यांमधला खोकला कापला आणि टोकं जुळवली, की एक लाट वर असताना तुटलेली आणि दुसरी खालून सुरू झालेली, अशी उडी पडते. लाट शून्यावर असते तिथेच कापावं. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये झेड दाबलं की निवडलेल्या भागाची टोकं जवळच्या शून्यापाशी सरकतात. नाहीतर सांध्यावर पाच-दहा मिलिसेकंद पहिला आवाज उतरवत दुसरा चढवावा. गोधडीचे दोन तुकडे एकमेकांवर थोडे चढवून शिवतात तसं.

की-पॅडचा मोबाइल माइकजवळ असेल, तर फोन येण्याआधी ‘टिर्र टिर्र’ येतं. टूजी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटक्याझटक्याने बोलतो, त्याची ती लय. फ्रिज चालू-बंद होताना एकच ठळक टिक् येतो, ट्यूबलाइट लागताना आठ-दहा. हे फार शोधावे लागत नाहीत.

काही टिक् खरेखुरे आवाजच असतात आणि माणूस त्यांना यंत्राचा दोष समजतो. आमच्या पडवीवर पत्रा आहे. दिवसभर तापलेला पत्रा रात्री निवतो तसा आखडतो. सहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा ३० अंशांनी थंड झाला, तर सुमारे दोन मिलिमीटर आखूड होतो. पण तो खिळ्यांमध्ये अडकलेला असतो, म्हणून हळूहळू न सरकता एकदम सुटतो. तट्! हिवाळ्यात दिवस मावळल्यानंतरचे दोन तास हे चालतं, मग थांबतं. आम्ही आता साडेनऊनंतरच बसतो. पाल चुकचुकते, तीही माइकला टिक्-टिक्-टिक् अशीच वाटते. भिंतीवरचं घड्याळ तर सगळ्यांच्या लक्षात येतं, पण सगळ्यात शेवटी! आणि तोंड कोरडं पडलं की जीभ टाळूपासून सुटताना बारीक टिक् होतात. आईला प्रत्येक दहा-बारा ओव्यांनंतर घोटभर पाणी दिलं की ते निम्मे होतात. माइक तोंडाच्या अगदी समोरून काढून थोडा कडेला सरकवला की उरलेलेही बरेच कमी होतात.

एवढं करूनही झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये काही टिक् राहतात, आणि ती रात्र परत येत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर लागतंच. ते काय करतं हे कळलं, तर ते कुठे चुकतं तेही कळतं. समजा, पाच आकडे आहेत: ४, ५, ५, ६ आणि ५००. त्यांची सरासरी १०४ येते. एका टिक्‌ने सरासरी पार नासवली. पण आकडे क्रमाने लावून मधला घेतला, तर तो ५ येतो. मधला आकडा टिक्‌ला भुलत नाही. त्यावरून ५०० हा या रांगेतला नाही, हे ओळखता येतं. खोडदच्या दुर्बिणीतही येणाऱ्या संकेतातून ठिणग्या वेगळ्या काढायला याच मधल्या आकड्याच्या हिशेबाचा उपयोग करतात, तोही संकेत येत असतानाच. मग खराब आकड्याच्या जागी शून्य, एखादा ठरलेला आकडा किंवा कृत्रिम गोंगाट भरतात. आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये अलीकडच्या-पलीकडच्या लाटेवरून अंदाज बांधून खड्डा भरतात. ऑडॅसिटीतलं ‘रिपेअर’ एका वेळी १२८ आकड्यांपर्यंतच काम करतं, म्हणजे तीन मिलिसेकंदांपेक्षा कमी. ही मर्यादा मला योग्य वाटते. याहून मोठा खड्डा अंदाजाने भरायचा म्हणजे न गायलेलं गाणं घालायचं.

आणि इथेच माझं पहिलं नुकसान झालं होतं. सॉफ्टवेअरला टिक् म्हणजे ‘अचानक उडी’ एवढंच कळतं. पण आपल्या संगीतात जीव आहे तोच अचानक उडीत. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात ढोलकीची थाप, हलगीची कडकड, चाळातल्या घुंगरांचा झणकार यांच्याशिवाय काय उरतं? सगळ्या फाइलवर एकदम टिक्-सफाई चालवली, की हलगी गोणपाटात गुंडाळल्यासारखी वाजते. आईच्या फाइलमध्ये तिच्या काकणांचा आवाज गेला होता. आणि जात्याचा खुंटा. आमच्या जात्याचा खुंटा जरा सैल आहे, प्रत्येक फेऱ्यात एका ठरलेल्या जागी तो ‘खट्’ वाजतो. आई त्या खट्‌वर ओवीचा दुसरा चरण उचलते. सॉफ्टवेअरने तो टिक् समजून पुसला, आणि ओव्या अधांतरी लोंबू लागल्या. ऐकणाऱ्याला कारण सांगता आलं नसतं, पण काहीतरी निसटल्याचं कळलंच असतं.

सुदैवाने मूळ फाइल मी ठेवली होती. ती नेहमी ठेवावी, वेगळ्या डिस्कवर, जशीच्या तशी. तिच्यावर आता मी पहिल्यापासून हाताने काम करतो आहे. कुंपणाचे टिक् ठरावीक अंतराने येतात, त्यामुळे एक सापडला की पुढचा कुठे असेल ते कळतं. तिथे लाट मोठी करून पाहायची, तीन मिलिसेकंदांच्या आतला तुकडा निवडायचा, रिपेअर करायचा आणि ऐकायचं. खुंट्याचा खट् आणि टिक् एकाच जागी आले, तर तो टिक् तसाच सोडून द्यायचा. चार मिनिटांच्या एका फाइलला दोन संध्याकाळी लागतात. अशा एकोणीस फायली आहेत, त्यांतल्या सात झाल्या. आई मधूनच येऊन शेजारी बसते, एक हेडफोन कानाला लावते आणि खुंटा वाजला की मान हलवते.